विश्लेषण : कोरडा असेल तर वाट, भिजला तर सापळा... ‘हाफ डोम’च्या ग्रॅनाइटचे गणित काय?

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात योसेमिटी राष्ट्रीय उद्यान आहे. तिथला ‘हाफ डोम’ हा ग्रॅनाइटचा घुमट एका दिवसात चढून उतरता येतो. शेवटचा १२० मीटरचा उभा कातळ पोलादी दोरांना धरून पार करायचा आणि माथ्यावर पोहोचायचे. तिथून चारही दिशांना अडथळा नसलेले जे दृश्य दिसते, त्यासाठी दर वर्षी हजारो जण सोडतीत नशीब आजमावतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या मराठी मंडळींच्या ‘एकदा तरी करायचेच’ यादीत हे नाव हमखास असते. मोटारीने चार-साडेचार तासांच्या अंतरावर असा डोंगर असेल तर नवल नाही.

या वाटेवर गिर्यारोहणाचे तंत्र फारसे लागत नाही. तरीही इथे माणसे मरतात, आणि त्यांतले बरेच अपघात कातळ ओला असताना होतात. ग्रॅनाइटच्या ज्या गुणामुळे माथ्यावरून इतके मोकळे दृश्य दिसते, त्याच गुणामुळे हा डोंगर भिजल्यावर धोकादायक होतो. हे कसे, ते समजून घेण्यासारखे आहे.

हाफ डोम खरोखर अर्धा आहे का?

नावावरून वाटते की एक पूर्ण घुमट होता, हिमनदीने त्याचा अर्धा भाग कापून नेला आणि उरलेला अर्धा उभा राहिला. दरीतून पाहिले तर अगदी तसेच दिसते. प्रत्यक्षात मूळ घुमटाचा बराचसा भाग अजून जागेवर आहे, असे भूशास्त्रज्ञ मानतात. वायव्येकडील सरळसोट कडा हा खडकातील उभ्या भेगांचा परिणाम आहे. हिमनद्यांनी पायथा पोखरला, वरचा खडक भेगांवरून सुटत गेला आणि कडा तयार झाला. माथा मात्र बर्फाच्या वरच राहिला होता. बाजूने पाहिले की हा डोंगर अर्ध्या घुमटापेक्षा एखाद्या अरुंद कण्यासारखा दिसतो.

त्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २,६९४ मीटर आहे आणि योसेमिटी दरीच्या तळापासून तो जवळपास दीड किलोमीटर वर उठलेला आहे. कॅलिफोर्नियाच्या २००५ सालच्या पाव डॉलरच्या नाण्यावर तो आहे. ‘द नॉर्थ फेस’ या कंपनीचे बोधचिन्हही त्याच्याच आकारावरून सुचलेले. म्हणजे पाठीवरच्या सॅकवर हा डोंगर घेऊन सह्याद्रीत हिंडणारे आपल्याकडेही कमी नाहीत.

या दरीचे मूळ रहिवासी अहवाहनीची. त्यांच्या कथेत हा डोंगर म्हणजे नवऱ्याशी भांडण झाल्यावर दगड झालेली स्त्री आहे, आणि कड्यावरचे काळे ओघळ हे तिचे अश्रू. ते ओघळ पाणी वाहण्याच्या जागी वाढलेल्या दगडफुलांचे आहेत. या लोकांना १८५१ मध्ये सशस्त्र तुकडी पाठवून दरीतून हुसकावण्यात आले. पर्यटनाच्या माहितीपत्रकांत कथा आवर्जून असते, हुसकावण्याचा उल्लेख बहुतेकदा दोन ओळींत उरकलेला असतो.

ग्रॅनाइटचा डोंगर टकला का?

इथला खडक काटेकोर भाषेत ग्रॅनोडायोराइट, म्हणजे ग्रॅनाइटचा सख्खा भाऊ. सुमारे साडेआठ ते पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली काही किलोमीटर खोलवर शिलारस अडकला आणि अत्यंत सावकाश थंड झाला. सावकाश थंड झाल्यामुळे त्यात मोठे स्फटिक तयार झाले, एकमेकांत घट्ट गुंतलेले. हातात घेतला तर मिठा-मिरपुडीसारखा दिसणारा हा दगड आतून सलग असतो. बेसॉल्टमध्ये जसे थर, पोकळ्या, मऊ पट्टे असतात तसे इथे नसतात.

पुढे कोट्यवधी वर्षांत वरचे आवरण झिजून गेले आणि खोलवर दाबाखाली तयार झालेला हा खडक उघडा पडला. वरचे ओझे गेल्यावर पृष्ठभागाला समांतर भेगा पडतात आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर सुटू लागतात. नुसते ओझे उतरणे पुरेसे नाही, असे अलीकडचे संशोधन सांगते. पृष्ठभाग बहिर्वक्र असेल आणि त्याला समांतर दिशेने खडक दाबला जात असेल, तर पापुद्रे बाहेरच्या बाजूला ताणले जाऊन उचलले जातात. म्हणजे घुमटाचा आकार पापुद्रे सोडवतो आणि सुटलेले पापुद्रे घुमट आणखी गोल करतात.

ही प्रक्रिया थांबलेली नाही. २०१४ च्या ऑगस्टमध्ये योसेमिटीच्या वायव्येला, ट्वेन हार्ट या गावातील एका ग्रॅनाइट घुमटाचे पापुद्रे कडक उन्हात आवाज करत फुटले आणि ते कॅमेऱ्यांत टिपले गेले. २०१५ च्या जुलैमध्ये खुद्द हाफ डोमच्या कड्यावरून मोठा पापुद्रा निखळला आणि प्रस्तरारोहकांच्या नेहमीच्या वाटेचा एक तुकडाच नाहीसा झाला.

याचे ट्रेकरच्या दृष्टीने दोन परिणाम होतात. गोल, सलग कातळावर माती टिकत नाही, माती नाही म्हणून झाडे नाहीत, आणि झाडे नाहीत म्हणून माथ्यावर उभे राहिले की नजर कुठेच अडत नाही. पण माती नाही म्हणजे पाणी मुरायला जागा नाही. सर आली की संपूर्ण उतारावरून पाण्याचा पातळ पडदा वाहू लागतो. झाड नाही, कपार नाही, म्हणजे आडोसाही नाही. आसपासच्या मुलखात सर्वांत उंच वस्तू तुम्हीच.

‘कधीच पाय लागणार नाही’ म्हणाले, तिथे दोर कसे आले?

कॅलिफोर्नियाचे तत्कालीन राज्य भूशास्त्रज्ञ जोसाया व्हिटनी यांनी १८६० च्या दशकात लिहून ठेवले होते की, योसेमिटीतील ठळक शिखरांपैकी बहुधा या एकावरच माणसाचे पाऊल कधी पडणार नाही. दहा वर्षांच्या आत त्यांचे भाकीत खोटे ठरले. ते खोटे पाडणारा कुणी नामांकित गिर्यारोहक नव्हता, लोहारकाम जाणणारा जॉर्ज अँडरसन नावाचा स्कॉटिश माणूस होता.

अँडरसनने आधी अनवाणी प्रयत्न केला, मग पायांना पाइनचा चिकट डिंक लावून पाहिला. डिंकाने पाय चिकटत, पण मग ते उचलणे मुश्कील होई. अखेर त्याने आपल्या धंद्यातला उपाय केला. कातळाला हाताने भोके पाडायची, त्यात लोखंडी खुंटी ठोकायची, तिच्यावर उभे राहून पुढचे भोक पाडायचे. असे करत १२ ऑक्टोबर १८७५ रोजी तो माथ्यावर पोहोचला. त्याने लावलेल्या दोराच्या आधाराने त्याच वर्षी आणखी काही जण वर गेले, निसर्ग अभ्यासक जॉन म्यूर त्यांपैकीच एक. वरपर्यंत जिना बांधण्याचा अँडरसनचा मनसुबा मात्र अपुराच राहिला.

आजच्या पद्धतीचे पोलादी दोर सिएरा क्लब या संस्थेच्या पुढाकाराने १९१९ मध्ये बसवले गेले. १९३४ मध्ये, महामंदीच्या काळातील सरकारी रोजगार योजनेतून, ते नव्याने बांधले. रचना तेव्हापासून फारशी बदललेली नाही. कातळातील भोकांत लोखंडी खांब, खांबांवरून दोन्ही बाजूंनी कठड्यासारखे जाणारे दोन दोर, आणि साधारण दर तीन मीटरवर पाय टेकायला आडवी लाकडी फळी. हे खांब मे महिन्याच्या अखेरीस उभे केले जातात आणि ऑक्टोबरच्या मध्यास काढले जातात. बाकीचे महिने दोर कातळावर नुसते पडून असतात. त्या काळात, खांब आणि फळ्या नसताना, तेच दोर उचलून वर जाणे हा वेगळाच आणि कितीतरी जास्त धोक्याचा खेळ आहे.

समोरच्या उभ्या कड्याची गोष्ट वेगळी. तो १९५७ मध्ये रॉयल रॉबिन्स आणि त्यांच्या दोन साथीदारांनी पाच दिवसांत सर केला, आणि २००८ मध्ये अ‍ॅलेक्स होनोल्ड दोराविना एकटा चढून गेला. सामान्य ट्रेकरचा त्या बाजूशी संबंध फक्त माथ्यावरून खाली वाकून पाहण्यापुरता.

चढाई किती, आणि कशी?

दरीतील ‘हॅपी आइल्स’पासून माथ्यापर्यंत जाऊन परत यायचे तर वाटेनुसार साधारण २२ ते २६ किलोमीटर चालावे लागते आणि एकूण चढ सुमारे १,४६० मीटर. आपल्याकडचे माप घ्यायचे तर कळसूबाईची समुद्रसपाटीपासूनची पूर्ण उंची १,६४६ मीटर. म्हणजे मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावरून निघून त्याच दिवशी कळसूबाईच्या माथ्याच्या जरा खाली पोहोचायचे आणि तेवढेच उतरायचे. बहुतेकांना दहा ते बारा तास लागतात, म्हणून शहाणी माणसे पहाटे अंधारातच बॅटरी लावून निघतात.

सुरुवातीची ‘मिस्ट ट्रेल’ ही वाट मर्सिड नदीच्या कडेने जाते. आधी ९७ मीटरचा व्हर्नल धबधबा, मग १८१ मीटरचा नेवाडा धबधबा. पहिल्याच्या तुषारांनी दगडी पायऱ्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला ओल्याचिंब असतात आणि तिथेच अनेकांना आपले बूट किती पाण्यातले आहेत ते कळते. नदीकाठच्या कठड्यापलीकडे उतरून अंघोळ करण्याचा मोह इथे अनेकांना होतो. २०११ च्या जुलैमध्ये तिघे जण व्हर्नल धबधब्याच्या माथ्यावरून वाहून गेले. दोरांच्या भीतीने या नदीची भीती झाकली जाते, ते बरे नाही.

नेवाडा धबधब्याच्या पुढे सपाटी, मग पाइनचे जंगल. झाडी संपते तिथे ‘सब डोम’ येतो, हाफ डोमच्या खांद्याला लागून असलेला लहान घुमट. त्यावर कातळात बसवलेल्या नागमोडी पायऱ्या आहेत, कठडा नाही. दोर पाहण्याआधीच दम आणि धीर दोन्ही संपवणारा हा टप्पा आहे. परवाने तपासणारे वनरक्षक बहुधा याच्या पायथ्याशी असतात, आणि विजांचा इशारा देणारा फलकही इथेच आहे. ढग जमत असतील तर इथून पुढे जाऊ नका, असे तो सांगतो. पुढच्या साऱ्या गोष्टीचा निर्णय घेण्याची जागा खरे तर हीच.

दोर हातात असताना माणूस घसरतो कसा?

दोरांचा चढ काही ठिकाणी ४५ अंशांच्या आसपास जातो. शाळेतले पदार्थविज्ञान आठवा. ४५ अंशांच्या उतारावर हाताचा आधार न घेता पाय टिकायचे असतील, तर बूट आणि दगड यांच्यातील घर्षणाचा गुणांक किमान एक असावा लागतो. कोरड्या, खरखरीत ग्रॅनाइटवर चांगला रबरी तळवा त्याच्या जवळपास जातो. पाय जवळजवळ टिकतात, हातांनी थोडाच भार घ्यायचा असतो. म्हणून कोरड्या दिवशी दहा-बारा वर्षांची मुलेही वर जाताना दिसतात.

आता हाच गुणांक निम्मा झाला असे समजा. ७० किलो वजनाच्या माणसाला ४५ अंशांच्या उतारावर खाली ओढणारे बल साधारण ५० किलोंच्या वजनाइतके असते. पाय त्यातले २५ किलो पेलतात, उरलेले २५ हातांवर येतात, तेही ओल्या पोलादी दोरावर, सात-आठ तास चालून आल्यावर. दोन फळ्यांमध्ये पाय टेकायला कातळाशिवाय काही नसते. आणि हा कातळ नेहमीचा खरखरीत राहिलेलाही नाही. शंभर वर्षांत लाखो बूट नेमक्या त्याच पट्ट्यावरून गेले आहेत, त्यामुळे दोरांमधली वाट घासून गुळगुळीत झाली आहे. देवळाच्या उंबऱ्यासारखी. ज्या जागी सर्वांत जास्त पकड हवी, ती डोंगरावरची सर्वांत निसरडी जागा झाली आहे.

दोर हे कठडे आहेत, सुरक्षादोर नव्हेत. ते तुम्हाला बांधलेले नसतात. हात सुटला तर अडवणारे काही नाही, आणि घुमटाचा उतार खाली जाताना कमी न होता बाजूंना अधिक तीव्र होत जातो. काही जण कमरेला पट्टा बांधून दोन कड्या आळीपाळीने दोराला अडकवत जातात. ती पद्धत चांगली आहे, पण खांबांपाशी कडी काढून पुढे लावावी लागते आणि गर्दीत त्याने मागच्यांचा खोळंबा होतो. सक्ती नाही, आणि बहुतेक जण तसे करत नाहीत.

अपघातांची हकीकत पाहिली की एकच चित्र पुन्हा पुन्हा दिसते. जून २००९, जुलै २०११, मे २०१८, जुलै २०२४. या प्रत्येक वेळी दोरांवरून एक जण पडून मरण पावला आणि प्रत्येक वेळी पाऊस किंवा वादळी हवा होती. २०१८ मध्ये मृत्युमुखी पडलेला तरुण भारतीय होता. यांतील कुणी वेडे साहस करायला गेलेले नव्हते. सकाळी निरभ्र आकाश पाहून निघालेली माणसे दुपारी उतरताना सापडतात, असे इथे होते. उन्हाळ्यात सिएरा नेवाडा पर्वतरांगेत दुपारी ढग चढतात आणि तासाभरात वादळ उभे राहते. चढताना पाऊस आला तर परत फिरता येते. माथ्यावर असताना आला तर खाली येण्याचा रस्ता एकच, आणि तो ओला.

वीज हा दुसरा धोका. १९८५ च्या जुलैमध्ये वादळात काही तरुण माथ्यावर गेले आणि तिथल्या दगडी कपारीत आसऱ्याला बसले. वीज तिथेच पडली, दोघांचा मृत्यू झाला. उघड्या माथ्यावरची कपार म्हणजे निवारा नव्हे, हे पावसाळ्यात गडावरच्या बुरुजाखाली दाटीवाटीने उभे राहणाऱ्यांनीही ध्यानात घ्यावे असे आहे.

सोडत पद्धतीने प्रश्न सुटला का?

पूर्वी उन्हाळ्यातील शनिवार-रविवारी दोरांवर दिवसाला हजाराच्या घरात माणसे येत. चढणारे आणि उतरणारे यांना एकच अरुंद पट्टा, त्यामुळे तासन्‌तास कोंडी होई. वर ढग दिसत असताना खाली यायला जागाच नसे. २०१० पासून आठवडाअखेरीस आणि २०११ पासून रोज परवाना सक्तीचा झाला. सध्याची मर्यादा दिवसाला ३०० जणांची आहे. त्यांत २२५ जागा एका दिवसात जाऊन येणाऱ्यांसाठी आणि ७५ जागा रानात मुक्काम करणाऱ्यांसाठी. हा आकडा ठरवताना एक कसोटी होती, ती म्हणजे वादळ आले तर सगळ्यांना पटकन उतरता आले पाहिजे.

मुख्य सोडत मार्चमध्ये होते. एका अर्जात सहा जणांपर्यंत आणि अनेक पर्यायी तारखा देता येतात. आठवड्याच्या मधले वार मागितले तर संधी जास्त. याशिवाय हंगामात रोजची सोडत असते, तिच्यासाठी जाण्याच्या दोन दिवस आधी अर्ज करायचा. परवान्याविना दोरांवर सापडल्यास मोठा दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

कोंडी कमी झाली, यात वाद नाही. पण सोडतीने एक नवी अडचण उभी केली. मार्चमध्ये मागितलेली तारीख जुलैतल्या हवेला माहीत नसते. महिनोन्‌महिने वाट पाहिली, रजा टाकली, विमानाची तिकिटे काढली, दरीतला मुक्काम मिळवला, आणि नेमक्या त्या दिवशी दुपारी ढग आले. अशा वेळी सब डोमवरून मागे वळायला जे मन लागते ते सोडतीत मिळत नाही. ‘परत नंबर कधी लागणार’ हा विचार घसरड्या कातळाइतकाच धोक्याचा आहे. म्हणून ज्यांना शक्य आहे त्यांनी दोन दिवस आधीच्या सोडतीवर भर द्यावा, असे आमचे मत. त्यात नंबर लागेलच असे नाही, पण अर्ज करताना हवामानाचा अंदाज समोर असतो.

दोरच काढून टाकावेत, असेही एक मत आहे. हाफ डोम १९८४ पासून कायद्याने ‘रान’ म्हणून राखलेल्या क्षेत्रात मोडतो, आणि तिथे मानवी बांधकाम नको हे तत्त्व आहे. मर्यादा ठरवण्याच्या वेळी या पर्यायाचाही विचार झाला होता, पण दोर राहिले.

सह्याद्रीत मुरलेल्यांना इथे वेगळे काय?

आपला सह्याद्री बेसॉल्टचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले, म्हणून आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे. कडा, मग पदर, पुन्हा कडा, वर सपाट माथा. थरांमधल्या मऊ पट्ट्यांत वाटा सापडतात, लेणी आणि टाकी खोदता येतात, हरिहरसारख्या गडावर पायऱ्यांशेजारी हातासाठी खोबण्या कोरता येतात. सह्याद्रीत चढणाऱ्याचे डोळे सतत पुढची खोबण, पुढची धार शोधत असतात. ती सापडते.

ग्रॅनाइटच्या घुमटावर खोबण नसते. तिथे चढायचे ते तळव्याच्या घर्षणावर. अंग सरळ ठेवून वजन पायांवर द्यायचे. घाबरून कातळाला बिलगले, हात टेकले, की तळव्यावरचा दाब कमी होतो आणि पाय सुटतो. कड्यावर बिलगून चढायची सवय असलेल्या चांगल्या ट्रेकरचीही इथे गफलत होते. आणखी एक फरक पावसाचा. आपण पावसात ट्रेक करतो, नव्हे, अनेकांचा ट्रेकचा हंगामच पावसाळा असतो. शेवाळलेल्या वाटेवर जपून पाय टाकायचा, चिखलात घसरलो तर कपडे माखतात, झुडूप हाती लागते. ‘थोड्या पावसाने काय होते’ ही इथे रुजलेली सवय योसेमिटीत बरोबर नेऊ नये.

बाकी तयारी साधी आहे. माणशी किमान चार लिटर पाणी, किंवा नदीचे पाणी शुद्ध करण्याचे साधन. पकड असलेले, झिजलेले नसलेले बूट. दोरांसाठी रबरी पकडीचे हातमोजे. आणि माथा दुपारच्या आत सोडण्याचा बेत.

माथ्यावरून दिसते तरी काय? आणि दोरांशिवाय ते दिसेल का?

माथा प्रशस्त आणि बराच सपाट आहे. पश्चिमेला संपूर्ण योसेमिटी दरी पायाखाली, तिच्या टोकाला एल कॅपिटानचा कडा. उत्तरेला टेनाया घळ आणि पलीकडे नॉर्थ डोमची गोलाई. ईशान्येला ‘क्लाउड्स रेस्ट’चा लांबलचक उतार, एका बाजूला सगळा उघडा ग्रॅनाइट. पूर्वेला सिएराची मुख्य धार, जुलैतही बर्फाचे ठिपके असलेली. वायव्येच्या टोकाला कातळाची छपरी दरीवर पुढे आली आहे. तिच्यावर बसून काढलेले छायाचित्र आता जवळपास सक्तीचेच झाले आहे.

या दृश्यात एकच गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे हाफ डोम. तो पाहायचा तर दुसरीकडे जावे लागते, आणि तिथे दोर लागत नाहीत, त्या सोडतीचा परवानाही लागत नाही.

क्लाउड्स रेस्ट ३,०२५ मीटर उंच आहे, म्हणजे हाफ डोमपेक्षा तीनशेहून अधिक मीटरने जास्त. टेनाया तलावाकडून जाऊन येऊन सुमारे २२-२३ किलोमीटर चालावे लागते. शेवटी एक अरुंद दगडी धार आहे, दोन्ही बाजूंना उतार. उंचीची भीती असणाऱ्यांना ती जड जाते, पण चालण्याची वाट आहे. वरून हाफ डोम चक्क खाली दिसतो आणि दुर्बीण असेल तर दोरांवरची मुंग्यांसारखी रांगही. आमच्या मते दोन्हींपैकी सरस दृश्य हेच. वीज आणि ढग यांचे नियम मात्र इथेही तेच.

लहान मुले, वयस्क आई-वडील सोबत असतील तर सेंटिनेल डोम. उंची २,४७६ मीटर, पण ग्लेशियर पॉइंट रस्त्यावरून जाऊन-येऊन जेमतेम साडेतीन किलोमीटर. शेवटचा कातळ हलक्या उताराचा, चारही बाजू मोकळ्या. याच्या माथ्यावर एकेकाळी वाऱ्याने वाकलेला एकटा जेफ्री पाइन होता. छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांच्या छायाचित्रामुळे तो जगभर पोहोचला. १९७६-७७ च्या दुष्काळात तो वाळला आणि २००३ मध्ये कोसळला.

अमेरिकेपर्यंत जाण्याचीही गरज नाही. बेसॉल्टचा मुलूख संपला की दक्षिणेला कर्नाटकात ग्रॅनाइट सुरू होतो, आणि तो योसेमिटीपेक्षा कितीतरी जुना, सुमारे अडीचशे कोटी वर्षांचा. ‘शोले’चे चित्रीकरण झाले ते रामनगर याच पट्ट्यातले. त्याचे जुने नाव क्लोजपेट, आणि भूशास्त्रात हा खडक आजही ‘क्लोजपेट ग्रॅनाइट’ म्हणून ओळखला जातो. बंगळूरुपासून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल असा १,२२६ मीटर उंचीचा सावनदुर्ग त्याच खडकाचा. याच दुर्गाला १७९१ च्या डिसेंबरमध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने वेढा घालून तो टिपूकडून घेतला. आज तिथे बंगळूरुतील तरुण ट्रेकर, त्यांत मराठीही भरपूर, उघड्या कातळावरून रंगवलेल्या खुणा पाहत चढतात. दोर नाहीत, फळ्या नाहीत. कर्नाटक सरकारने २०२४ पासून वनहद्दीतील ट्रेकसाठी ऑनलाइन नोंदणीची व्यवस्था आणली आहे, तेव्हा निघण्यापूर्वी ती पाहावी. आणि जून ते ऑक्टोबर, किंवा एप्रिल-मेमधल्या वळवाच्या दिवसांत, सावनदुर्गचा कातळ भिजला असेल तर पायथ्याच्या वीरभद्राच्या देवळापर्यंत जाऊन परतावे.